दहा दिवसांत माशी कळते, पावसाळा कळत नाही

भोर तालुक्यातल्या हिरडस मावळातून एका तरुण मधपाळाने विचारलंय, थोडक्यात असं: 'फेब्रुवारीत १० दिवसांचं प्रशिक्षण केलं. अनुदानातून सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) १० पेट्या मिळाल्या. मेच्या अखेरीला १८ किलो मध निघाला, घरचे खूश. दिवाळीला बघतो तर तीनच पेट्यांत माश्या. आता परत एखादं मोठं प्रशिक्षण घेऊ, की कुणा जाणत्याच्या हाताखाली राहू? आणि तो खरंच जाणता आहे हे मला कसं कळायचं?'

जाणत्याच्या हाताखाली राहा. पण का, ते तुमच्या सात रिकाम्या पेट्यांवरूनच सांगतो.

'मेच्या अखेरीला १८ किलो' हे वाचलं तिथेच मी थांबलो. पहिलं वर्ष, नव्या वसाहती, आणि पेटीमागे जवळजवळ दोन किलो. एवढा मध नुसत्या वरच्या मधकोठीतून आला नसणार. खालच्या पिलाव्याच्या, म्हणजे अंडी-पिल्लांच्या, कोठीतल्या फ्रेम्सही तुम्ही मध काढायच्या यंत्रात घातल्या असणार. त्या फ्रेम्सच्या वरच्या कडेला मधाचा जो कमानीसारखा पट्टा असतो, तो माश्यांचा पावसाळ्याचा शिधा. जांभूळ मार्च-एप्रिलात, त्याच्या मागोमाग हिरडा, आणि मग एकदम जूनचा पाऊस. मावळात आणि आमच्या जावळी-महाबळेश्वरच्या बाजूला त्यानंतर तीन महिने माशीला बाहेर पडायला धड उघडीप मिळत नाही, आणि पडली तरी फुलात फारसं काही नसतं. घरात दाणा नाही आणि बाहेर जाता येत नाही, अशा वेळी सातेरी काय करते? राणीचं अंडी घालणं थांबतं, संख्या घटते, रिकाम्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो, आणि एखाद्या उघडिपीच्या दुपारी उरलेल्या माश्या राणीसकट उठून जातात. तुम्ही म्हणता 'दिवाळीला पाहिलं'. त्या बहुतेक ऑगस्टमध्येच गेल्या असतील.

हे तुम्हाला वर्गात सांगितलं नसेल असं मी म्हणत नाही. अशा वर्गांत मीही शिकवायला गेलोय, आणि 'पावसाळ्यात साखरपाणी द्या' हे वाक्य मी स्वतः फळ्यावर लिहिलंय. समोरची पोरं ते वहीत उतरवतात. पण बाहेर फेब्रुवारीचं ऊन असतं, पेटी उघडली की फ्रेमभर माश्या, परागांचे गोळे घेऊन येणाऱ्यांची रांग. त्या वेळी जुलै डोळ्यांसमोर येतच नाही. खादी ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत वैयक्तिक मधपाळाला १० दिवसांचं प्रशिक्षण असतं, केंद्रचालकाला २० दिवसांचं. दिवस १० असोत की २०, ते एकाच ऋतूतले असतात. माशी शिकायला तेवढे पुरतात. पेटीचे भाग, राणी-कामकरी-नर, धूर किती द्यायचा, यंत्रात फ्रेम कशी बसवायची, हे सगळं त्यात येतं आणि नीट येतं. म्हणून प्रशिक्षण वाया गेलं असं समजू नका. पण ते परत करून तुम्हाला तोच फेब्रुवारी परत मिळेल.

आता जाणता कसा ओळखायचा. एखाद्याकडे किती पेट्या आहेत हे विचारू नका. विकत घेऊन शंभर पेट्या कुणीही मांडतो. विचारा, 'गणपतीत किती पेट्यांत माश्या होत्या?' आणि गप्प बसून उत्तर ऐका. जो लगेच आकडा सांगतो आणि वर 'त्यातल्या दोन माझ्या चुकीने गेल्या' असंही सांगतो, त्याच्याकडे जा. 'आपल्या माश्या कधी जातच नाहीत' म्हणणाऱ्याकडे चहा घ्या आणि परत या. सातेरी सगळ्यांची जाते.

दुसरं, त्याच्या पेट्यांच्या बाजूला नजर टाका. पायांखाली पाण्याच्या वाट्या आहेत का? नसतील तर मुंगळ्यांचं काय करतो विचारा. पेटी किंचित पुढे झुकलेली आहे का? ती झुकती असली तर पावसाचं पाणी दारातून आत न जाता बाहेर येतं. तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, मेणाचा चुरा साचलाय का? एवढ्यावरून माणसाचा पावसाळा कळतो.

शोधायचं कुठे, तर तुमच्यापासून महाबळेश्वर काही लांब नाही. तिथलं मंडळाचं मध संचालनालय कुठल्या गावात कोण मधपाळ आहे ते सांगू शकेल. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथे घरोघरी पेट्या बघायला मिळतात, आणि म्हाताऱ्या माणसांशी बोललात तर वर्गातलं निम्मं परत वेगळ्या भाषेत ऐकायला मिळेल. पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. रोग-किडीचा नमुना दाखवायचा असेल किंवा शास्त्र पक्कं करायचं असेल तर तिथे जाच. पण दर पंधरा दिवसांनी तुमच्या पेटीत डोकावायला पुण्याहून कुणी येणार नाही. त्याला तासाभराच्या अंतरावरचा, तुमच्यासारखाच पाऊस सोसणारा माणूस हवा. पाचगणीच्या पठारावरचा मधपाळ आणि सोलापूरकडे सूर्यफुलात पेट्या नेणारा मधपाळ, दोघंही चांगले असतील, पण त्यांची वर्षं वेगळी असतात.

याच कारणाने मोबाइलवरचे व्हिडिओ जपून बघा. त्यातले बहुतेक मेलिफेराचे, म्हणजे परदेशातून आलेल्या पाळीव माशीचे असतात. ती माशी मोठी, तिची फ्रेम मोठी, वसाहत दांडगी, आणि ती सातेरीसारखी रुसून घर सोडत नाही. व्हिडिओत माणूस अर्धा तास पेटी उघडी ठेवून एकेक फ्रेम उन्हात धरून बोलत असतो. तसं सातेरीला दोन-तीनदा करा आणि मग रिकामी पेटी घेऊन बसा. मी पहिल्या वर्षी व्हिडिओ नसतानाही हेच केलं. रोज संध्याकाळी शेतावरून येताना पेटी उघडायचो, राणी दिसली की जीव भांड्यात पडायचा. विसाव्या दिवशी पेटी रिकामी. आमच्या आबांनी एवढंच विचारलं, 'रोज संध्याकाळी तुझ्या घराचं छप्पर कुणी काढलं तर तू राहशील का?' आबा म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते. वर्ग त्यांनी बघितला नव्हता. रानातलं मोहोळ ढोलीतून काढून पेटीत बसवण्यात मात्र त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी मी पाहिला नाही.

त्या आबांची शिकवायची रीतच मी पुढे चालवतो. तुमच्या जाणत्याने अशी काही रीत लावली तर कंटाळू नका. पहिल्या तीन खेपांना पेटी उघडायचीच नाही. दाराच्या एका बाजूला, माश्यांच्या वाटेत न येता, अर्धा तास उकिडवं बसायचं आणि काय दिसतं ते सांगायचं. पायांवर परागाचे गोळे घेऊन किती येतात? रंग कोणता? पिवळा, पांढरट, तपकिरी? कुणी मेलेलं पिल्लू बाहेर ओढतंय का? दारावर भांडण आहे का? भरपूर पराग आत जातोय म्हणजे आत पिल्लांना भरवणं चालू आहे, म्हणजे राणी बहुधा ठीक आहे. झाकण न काढता पेटीची निम्मी खबर दारातच मिळते. बारावीतली एक मुलगी माझ्याकडे यायची, तिने दुसऱ्याच खेपेला सांगितलं, 'काका, चार नंबरच्या पेटीत माश्या येतात-जातात, पण कुणाच्याच पायाला काही नाही.' उघडून बघितलं तर एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी, वेडीवाकडी घातलेली. राणी मेलेली आणि कामकरी अंडी घालायला लागलेल्या. त्यातून नुसते नर निपजतात. मी त्या पेटीसमोरून आठवडाभर रोज जात होतो.

चौथ्या खेपेपासून पेटी उघडायची, पण हात शिकणाऱ्याचे. माझे खिशात. हे शिकवणाऱ्याला फार जड जातं. समोरचा फ्रेम तिरकी उचलतो, माशा चिरडतो, आपला हात आपोआप पुढे जातो. जो जाणता सगळं स्वतःच झटपट करून दाखवतो आणि तुम्हाला नुसतं धुराडं धरायला लावतो, त्याच्याकडे तुम्ही वर्षभर राहिलात तरी धुराडं धरायलाच शिकाल. त्याला विनंती करा, 'मी करतो, तुम्ही सांगा.'

आणि अंडी बघायला शिका. राणी शोधत बसू नका. राणी बघण्यात सगळ्या नव्या मधपाळांचा वेळ जातो, आणि तेवढा वेळ पेटी उघडी राहते. सूर्य पाठीमागे घ्या, फ्रेम थोडी तिरकी धरा, म्हणजे ऊन खांद्यावरून थेट घराच्या तळाशी जाईल. तळाला रव्याच्या लांबट कणासारखं पांढरं काही दिसेल ते अंडं. पहिल्या दिवशी ते उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं पडतं, मग त्यातून अळी येते. म्हणजे एका घरात एकच, असं तळाशी नीट घातलेलं अंडं दिसलं की गेल्या तीन दिवसांत राणी इथे होती, असं धरा. उभं दिसलं तर काल-आजच. पंचविशीतले डोळे असतील तर भिंग लागणार नाही. मला आता लागतं.

जुलैचा एक दिवस सांगतो, कारण तुमचं सगळं दुखणं तिथेच आहे. एक मुलगा शिकायला होता. चार दिवस संततधार, पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला उघडीप आली. आम्ही आधी पेटीच्या बाजूला बोटाने टकटक केली आणि कान लावला. सातेरी दचकली की एकदम 'फुस्स' करते आणि लगेच गप्प होते. असा आखूड, एकसुरी आवाज आला की मी निर्धास्त होतो. रेंगाळणारी, रडवी गुणगुण आली तर राणीची शंका. शास्त्राच्या कसोटीला हे किती उतरेल सांगता येत नाही, पण पावसात कोणती पेटी आधी उघडायची ते ठरवायला मला ते पुरतं. त्या दिवशी फुस्स झालं. छप्पर काढलं, आतलं झाकण जरासं सरकवलं. आठ फ्रेम्सपैकी चारांवरच माश्या. बाकी चार रिकाम्या, त्यात दोन काळ्या पडलेल्या जुन्या पोळ्यांच्या. मुलाने त्या चारही काढल्या, माश्या असलेल्या चार एका बाजूला सरकवून पलीकडे आडवी फळी लावली. माश्यांना राखता येईल एवढंच घर ठेवायचं, उरलेल्यात चोर शिरतो. मग तळपाट बाहेर ओढला. त्यावर मेणाचा पिवळट चुरा, आणि चुऱ्याखाली रेशमासारख्या जाळीत मेणकिड्याच्या तीन अळ्या. जुनी काळी पोळी सातेरी स्वतःच कुरतडून खाली टाकते, आणि त्या चुऱ्यावर हा किडा पोसतो. मुलाने पटाशीने तळपाट खरवडला, अळ्या कोंबड्यांपुढे टाकल्या. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. तो म्हणाला, 'राणी नाही बघायची?' मी विचारलं, 'अंडं दिसलं का?' 'दोन उभी दिसली.' 'मग लाव झाकण.'

साखरपाणी संध्याकाळी, माश्यांची ये-जा थांबल्यावर. साखर आणि पाणी समान वजनाचं, साखर विरघळवून, गार करून, पेटीच्या आत, वर काड्या टाकून म्हणजे माश्या बुडत नाहीत. दिवसा दिलंत आणि बाहेर सांडलंत तर शेजारच्या पेट्यांच्या माश्या लुटालूट करतात, आणि अशक्त पेटी त्यात संपते. हे वाक्य तुमच्या वहीतही असेल. 'बाहेर सांडलंत तर' याचा अर्थ मात्र एकदा सांडल्यावरच कळतो. माझं सांडलेलं आहे.

वहीवरून आठवलं. चाळीस पानी वही करा, पेटीला एक पान. दर खेपेला पाचच गोष्टी: तारीख, माश्यांनी झाकलेल्या फ्रेम किती, अंडी दिसली की नाही, मधाचा पट्टा किती बोटं, काय दिलं किंवा काढलं. जाणत्याला फोन करताना ही वही समोर ठेवा. 'काका, माश्या कमी वाटतात' याला उत्तर नाही. 'तीन आठवड्यांत सहा फ्रेमवरून चारवर आल्या, अंडी आहेत, मध एक बोट' म्हणालात की मी घरबसल्या सांगतो, साखर वाढव. फोटो पाठवायचाच असेल तर माश्यांच्या गर्दीचा नको. फ्रेमवरच्या माश्या हलक्या हाताने पेटीतच झटकून मग पोळ्याचा काढा. पिल्लं मोत्यासारखी पांढरी, घराच्या तळाशी वळलेली दिसायला हवीत. पिल्लू ताठ होऊन तोंड वर करून पडलंय, टाचणीने उचललं तर पाण्याची पिशवी आल्यासारखं निघतंय, तर तो थाई सॅकब्रूड हा पिल्लांचा रोग असू शकतो. १९९०च्या दशकात या रोगाने दक्षिणेतल्या सातेरीचा फडशा पाडला होता. असं काही दिसलं तर त्या पेटीतल्या फ्रेम दुसऱ्या पेटीत अजिबात घालू नका, आधी दाखवा.

डंखाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणाकडे शिकायला जाल तेव्हा पहिल्याच दिवशी सांगा की यापूर्वी माशी चावल्यावर काय झालं होतं. हात सुजणं, खाजणं हे चालायचंच. डंख नखाने खरवडून किंवा चिमटीत धरून, कसाही, पण लगेच काढा, कारण तो राहील तेवढा वेळ विष आत जात राहतं. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-घसा सुजला, श्वास लागला किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठायचा. म्हणूनच पहिलं वर्षभर एकट्याने पेटी उघडायची नाही. आणि पेटीकडे जाण्याआधी केळं खाऊ नका. हसू नका, माशीच्या धोक्याच्या गंधातला एक मुख्य घटक पिकल्या केळ्यासारखाच वासाचा असतो. एक माशी चावली आणि तो वास आला की बाकीच्यांना तीच जागा सापडते. तिथे लगेच धूर द्यायचा तो यासाठीच.

आता देण्याघेण्याचं. जाणत्याला पैसे विचारायला तुम्हाला अवघड वाटतं हे तुमच्या प्रश्नातून कळलं. बरेच जण घेणार नाहीत. पण फुकटही शिकू नका. मेमध्ये मध काढायचं काम अंगमोडीचं असतं, तेव्हा चार दिवस त्यांच्या पेट्यांवर राबा. पावसाळ्यात जाताना पाच किलो साखर न्या. आपल्या पहिल्या विभागणीतली (एका वसाहतीच्या दोन करतात ती) एक वसाहत त्यांना द्या, आमच्यात तो रिवाज आहे. उलट, 'आधी माझ्याकडून पेट्या घे, मग शिकवतो' म्हणणारा भेटला तर सावध व्हा. एका विक्रेत्याने मला असंच शिकवण्याच्या नावाखाली पाच पेट्या दिल्या होत्या. त्यातल्या तीनमध्ये पोळी काळीकुट्ट आणि राण्या म्हाताऱ्या होत्या. पाहून घ्यायचं असतं हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं, आणि ते शिकवणं त्याच्या फायद्याचं नव्हतं.

सोबत तुम्ही 'सातेरी सोडून मेलिफेरा घेऊ का' असंही विचारलंय. हिरडस मावळात, पेट्या गाडीत घालून फुलोऱ्यामागे फिरायची तयारी नसेल तर नको.

२० मे हा जागतिक मधमाशी दिन. आंतोन यान्शा या अठराव्या शतकातल्या स्लोव्हेनियन माणसाच्या स्मरणार्थ तो पाळतात. हा गडी व्हिएन्नाच्या दरबाराने नेमलेला मधमाशीपालनाचा मास्तर होता, म्हणजे आपल्याच जातकुळीतला. तुमच्यासाठी त्या तारखेचा उपयोग वेगळा आहे. पुढच्या वर्षी २० मेनंतर यंत्र बाहेर काढायचं नाही. त्याआधीही वरच्या कोठीतल्याच, निदान दोनतृतीयांश घरं मेणाने बंद झालेल्या फ्रेम घ्या. कच्चा मध पातळ असतो आणि आंबतो. बाजारात जाणाऱ्या मधात पाणी २० टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि सातेरीचा मध मुळातच जरा पातळ. खालच्या कोठीला हात नाही.

राहिल्या तीन पेट्या. त्या तगल्या म्हणजे त्यांच्यात काहीतरी बरं आहे, त्यांच्यातूनच वाढवा. नव्या सात विकत घेऊ नका. रिकाम्या पेट्यांतली पोळी कापून मेण वितळवा, पेट्या उन्हात वाळवा, फटी बुजवा. जानेवारी-फेब्रुवारीत तिघींपैकी जी आठही फ्रेम भरेल आणि जिच्यात नरांची घरं दिसायला लागतील तिचीच विभागणी करा. सातेरीच्या नराच्या घराच्या टोपीला मधोमध बारीक छिद्र असतं, त्यावरून ओळखता येईल. नर उडायला लागल्याशिवाय विभागणी करू नका, नाहीतर नवी राणी बिनफळलेली राहील. ती विभागणी जाणत्याला शेजारी उभं करून करा, आणि मग त्यांच्याकडून जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांचा वार आत्ताच मागून घ्या. फेब्रुवारीत सगळे यायला तयार असतात, जुलैचा वार आधी मागावा लागतो.

या रविवारी दहा वाजता, ऊन तापल्यावर, तिन्ही पेट्यांच्या दारासमोर अर्धा-अर्धा तास बसा. उघडू नका. पायांवर पराग घेऊन आलेल्या माश्या दहा मिनिटांत किती, तेवढं मोजून कळवा. सर्वात कमी आकडा जिचा येईल तिच्यापासून सुरुवात करू.